लाल बावटा आणि गावाबाहेरची वस्ती
(शेतकरी कामगार पक्षाच्या इतिहासाकडे आपल्या बाजूनं बघताना)



शेतकरी कामगार पक्षाचा इतिहास आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. काँग्रेसवाले सांगणार नाहीत, कारण तो पक्ष अर्धा त्यांनीच गिळला. शेकापवाले सांगतात तो वर्धापनदिनाचा, हारतुरे घातलेला इतिहास. आपल्याकडं एकच वाक्य फिरतं : तो मराठ्यांचा पक्ष, आपल्याला काय त्याचं?

आपल्याला आहे त्याचं. महाराष्ट्रात ब्राह्मणशाहीला शिव्या देत उभा राहिलेला, खेड्यात मुळं असलेला, हातात लाल बावटा घेतलेला हा पक्ष होता. कागदावर तो आपला सख्खा भाऊ. मग गावात तो आपला भाऊ का झाला नाही? उद्या कुठल्याही शेतकरी संघटनेबरोबर, बहुजनांच्या आघाडीबरोबर बसायची वेळ येईल तेव्हा हा प्रश्न पुन्हा तोंडावर येणार आहे. तेव्हा तारखांसकट माहिती असलेली बरी.

१

सुरुवात १९४७ पासून करून भागत नाही. मागं जोतिबांपर्यंत जावं लागतं. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला. जोतिबा बोलायचे ते शूद्र आणि अतिशूद्र, दोघांना एका दमात. कुणब्याचा नांगर आणि महार-मांगाची झोपडी त्यांनी एका दोरात ओवली होती. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा माणूस आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करतो, यात त्याला काही वेगळं काम केल्यासारखं वाटत नव्हतं. तो एकच लढा होता.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. तिथं धागा तुटला की सांधावा लागतो. सांधा नीट बसला नाही तर पुढच्या खात्यात नेमका तिथंच पुन्हा तुटतो. शूद्र आणि अतिशूद्र यांच्यामधला जोतिबांचा सांधा नंतरच्या लोकांनी नीट राखला नाही. पुढचं सगळं तुटणं तिथलं आहे.

विसाव्या शतकात ब्राह्मणेतर चळवळ पुण्यात जोरात आली. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर ही जोडी गाजत होती. १९२५ साली जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' निघालं आणि खटला झाला. जेधे त्यात आरोपी होते. शिक्षा झाली, अपील झालं, आणि १९२६ साली अपिलात त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. केस जिंकली. पुढं शेतकरी कामगार पक्षाचा पहिला मोठा पुढारी झालेला माणूस बाबासाहेबांनी कोर्टातून सोडवून आणलेला आहे, हे आधी ध्यानात घ्या.

वर्षभरात महाडचा सत्याग्रह आला. जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली : सत्याग्रहात ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी अट धुडकावली. त्यांचं भांडण ब्राह्मण्याशी होतं, जन्मानं ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाशी नव्हतं. हा फरक बारीक वाटतो, पण त्यात सगळा इतिहास आहे. भट हटला की आपण वर सरकू, असं एकाला वाटत होतं. शिडीच मोडली पाहिजे, असं दुसऱ्याचं म्हणणं होतं.

२

मग जेधे कुठं गेले? १९३० च्या कायदेभंगाच्या वेळी काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्या मागोमाग खेड्यातला बहुजन शेतकरीही गेला. तोवर महाराष्ट्रातली काँग्रेस शहरी, पांढरपेशी होती. तिला खेडं मिळालं ते असं.

त्याच वेळी कोकणात वेगळंच पेटलं होतं. कुलाबा जिल्ह्यातल्या चरी गावात १९३३ साली कुळांनी खोताची जमीन करायची नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ सहा वर्षं संप चालला. शेतं ओस पडली, माणसांनी लाकूडफाटा विकला, मोलमजुरी केली, पण खोतापुढं वाकली नाहीत. १९३४ साली बाबासाहेब चरीला गेले. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत सतरा उमेदवार उभे केले, त्यातले बहुतेक निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं बिल विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात आगरी होते, कुणबी होते, महार होते.

नीट बघा. शेतकरी आणि कामगार ही दोन नावं एकत्र आणून पक्ष चालवायचं काम शेकापच्या दहा वर्षं आधी बाबासाहेबांनी करून दाखवलं होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला गिरणी कामगारांच्या संपात त्यांचा पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उतरला होता. पुढं क्रिप्स आले, वाटाघाटीत अस्पृश्यांना वेगळा आवाज लागणार हे दिसलं, आणि १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन झालं. स्वतंत्र मजूर पक्षाची जागा मोकळी राहिली. त्या मोकळ्या जागेत पाच वर्षांनी दुसरे आले.

३

काँग्रेसमध्ये गेलेल्या बहुजन पुढाऱ्यांच्या लक्षात आलं की माणसं आपली आणि खुर्च्या दुसऱ्यांच्या. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, पक्षावर शंकरराव देवांची पकड होती. खेड्यात धान्याची सक्तीची लेव्ही चालू होती. शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य जायचं, आणि साठेबाज व्यापारी मात्र सुटायचा. कुळांचा प्रश्न लोंबकळत होता. यातून काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ उभा राहिला. पक्ष आपला जन्म ऑगस्ट १९४७ चा धरतो. १९४८ साली काँग्रेसनं ठरवलं की पक्षात दुसरा पक्ष चालणार नाही. समाजवादी बाहेर पडले, तसे हेही पडले.

शंकरराव मोरे, केशवराव जेधे, तुळशीदास जाधव, माधवराव बागल, दत्ता देशमुख ही त्यातली ठळक नावं. साताऱ्याच्या पत्रीसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटीलही आले. कार्यकर्ते एकमेकांना 'भाई' म्हणायचे, अजूनही म्हणतात. यशवंतराव चव्हाण मात्र काँग्रेसमध्येच राहिले. ते का राहिले याचं उत्तर दहा वर्षांनी मिळालं.

१९५० साली नाशिक जिल्ह्यात दाभाडीला पक्षाचं अधिवेशन झालं. तिथं जो प्रबंध मंजूर झाला तो दाभाडी प्रबंध. पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. कालपर्यंत सत्यशोधकी जलशात वाढलेला माणूस आज वर्गसंघर्षाची भाषा बोलायला लागला. यात वाईट काही नव्हतं. जमीनदार, सावकार, भांडवलदार यांना नावानं ओळखायला शिकवणारी ती भाषा आहे. पण या बदलात एक वस्तू गाडीतून खाली पडली आणि कुणी वळून बघितलं नाही. ती वस्तू म्हणजे जात.

ब्राह्मणेतर असताना जात बोलायचे, पण वरच्या जातीबद्दल. मार्क्सवादी झाल्यावर जात बोलायचं बंद केलं. म्हणजे आपल्या खालच्या जातीबद्दल बोलायची वेळ दोन्ही खेपेला आली नाही. 'शेतकरी' म्हणजे कोण? पन्नास एकरवाला पाटील शेतकरी, पाच एकरवाला कुणबी शेतकरी, आणि दोघांच्या बांधावर राबणारा बिनजमिनीचा महार-मांग? तो 'कामगार' या शब्दात बसवला. पण त्याला मजुरी देणारा, कमी देणारा, आणि ती मागायला आला तर बहिष्कार टाकणारा मालक त्याच पक्षाच्या सभेत सतरंजीवर पुढं बसलेला असायचा. मोर्चात दोघं एका घोषणेत, गावात पाणवठे दोन. हा प्रश्न प्रबंधानं सोडवला नाही.

फूट लगेच पडली. दत्ता देशमुख वगैरे मंडळी बाहेर पडून कामगार किसान पक्षाकडं आणि पुढं लाल निशाणकडं गेली. नाना पाटील नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले.

४

तरी १९५२ ची निवडणूक बघा. मुंबई विधानसभेत शेकापला १४ जागा आल्या, हैदराबाद राज्यात १०. फेडरेशनची अवस्था वाईट होती. खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले. पण सोलापूरच्या दोन जागांच्या लोकसभा मतदारसंघातून दोन माणसं दिल्लीला गेली : सर्वसाधारण जागेवर शेकापचे शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे पां. ना. राजभोज. एकाच मतदारसंघाचे दोन खासदार, एक शेतकऱ्यांच्या पक्षाचा, एक आपल्या पक्षाचा. दोघांनी काँग्रेस पाडली होती.

असंच पुन्हा १९५७ ला झालं, आणि मोठ्या प्रमाणात. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाप होता, फेडरेशन होतं, कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते. मुंबई विधानसभेत शेकापचे ३१ आणि फेडरेशनचे १३ आमदार निवडून आले. कोल्हापुरातून लोकसभेवर शेकापचे महागावकर आणि फेडरेशनचे शं. खं. दिगे एकत्र गेले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड गेले. बाबासाहेबांच्या जाण्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. कुणब्याच्या मतानं महार निवडून येतो आणि महाराच्या मतानं कुणबी, हे या महाराष्ट्रानं एकदा डोळ्यांनी बघितलेलं आहे. जे म्हणतात की असं कधी होणार नाही, त्यांना ही साल सांगा.

पण समितीतली एकी मराठी राज्यासाठी होती. जमीन कुणाची, मजुरी किती, पाणवठा कुणाचा, हे विषय राज्य आल्यावर बघू म्हणून मागं ठेवले. १ मे १९६० ला राज्य आलं. समिती फुटली. मागं ठेवलेलं मागंच राहिलं.

५

आता यशवंतरावांचं उत्तर. ज्यांना पुढं शेकापचे होता आलं असतं त्यांना चव्हाणांनी काँग्रेसची दारं उघडली. जेधे तर १९५४ सालीच परत गेले होते, पाठोपाठ मोरेही गेले. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, सोसायट्या उभ्या राहिल्या. पाण्याखालची जमीन असलेल्या शेतकऱ्याला आता मोर्चा काढायची गरज उरली नाही. तो स्वतःच चेअरमन झाला. शेकाप १९६२ ला १५ जागांवर आला, १९६७ ला १९ झाल्या, १९७२ ला ७ उरल्या.

वरून दिसतं ते असं की काँग्रेसनं शेकापचे पुढारी पळवले. मला हे अर्धंच पटतं. काँग्रेसनं शेकापची मागणीच पुरी केली. बहुजनातल्या वरच्या थराला सत्ता पाहिजे होती, ती मिळाली. ज्याची मागणी पुरी झाली तो घरी गेला. ज्याची पुरी झाली नाही तो राहिला. तो कोण? कोरडवाहू शेतकरी, कूळ, प्रकल्पात जमीन गेलेला माणूस, शेतमजूर. यातल्या पहिल्या तिघांकडं शेकाप गेला आणि तिथं जगला. चौथ्याकडं मनापासून गेला नाही.

चौथ्यासाठी कोण उभं राहिलं? दादासाहेब गायकवाड. १९५९ ला खानदेश-नाशिक भागात आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. लाखो माणसं तुरुंगात गेली, बायाबापड्या पोरं कडेवर घेऊन गेल्या. महाराष्ट्रातला हा जमिनीचा सगळ्यात मोठा लढा आणि तो शेतकऱ्यांच्या पक्षानं नव्हे, रिपब्लिकन पक्षानं लढवला. त्याच रिपब्लिकन पक्षानं १९६७ ला जिल्हा परिषदांसाठी काँग्रेसशी हात मिळवला, आणि मग आपलंही फुटण्याचं सत्र सुरू झालं. काँग्रेसचं तोंड मोठं होतं. त्यात दोघंही गेले.

६

शेकाप कुठं टिकला ते बघण्यासारखं आहे, कारण पक्ष कसा टिकतो ते त्यात दिसतं.

रायगड. चरीच्या संपाची माती. नारायण नागू पाटलांचं घर शेकापचं झालं. प्रभाकर पाटील, दत्ता पाटील, पुढं मीनाक्षी पाटील, जयंत पाटील. पनवेल-उरणचे दि. बा. पाटील हे आगऱ्यांचं दैवत. सिडकोनं नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, न्हावा-शेव्याला बंदर आलं. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. पुढं सेझ आला तेव्हा एन. डी. पाटलांसारखी म्हातारी माणसं पुन्हा उभी राहिली. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सेझवर जनमत घ्यावं लागलं, आणि सेझ बारगळला. २०२१ ला नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून भूमिपुत्रांनी सिडकोला घेराव घातला. नावासाठी रस्त्यावर येणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सांगोला. दुष्काळी तालुका. गणपतराव देशमुख तिथून १९६२ पासून अकरा वेळा आमदार झाले. दोनदा मंत्री झाले आणि तरी एस.टी.नं फिरले. ३० जुलै २०२१ ला गेले.

कंधार-लोहा. भाई केशवराव धोंडगे. मन्याडच्या खोऱ्यात शाळा-कॉलेजं काढली, विधानसभेत दरारा होता, १९७७ ला खासदार झाले. त्या वर्षी शेकापचे पाच खासदार होते.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट. तिथं पक्ष म्हणजे पाणी, जमीन, शाळा. ठरावीक मुलुखात, ठरावीक प्रश्नावर, वर्षानुवर्षं. आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांचे जे मोर्चे निघाले, त्यात शेकाप होता, लाल निशाण होता. त्या दबावातून रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला. खडी फोडणाऱ्यांत आपली माणसं किती होती हे मोजायची गरज नाही. हे श्रेय लाल बावट्याला दिलंच पाहिजे. जे देणं लागतं ते नाकारू नये.

७

आता कडू.

जुलै १९७८. पुलोदचं सरकार आलं. शेकापचे १३ आमदार होते, तो सरकारात होता. एन. डी. पाटील, गणपतराव मंत्री झाले. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणीची खेडी सगळ्यात जास्त. वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे मारला गेला.

मराठवाडा हा शेकापचा जुना मुलूख. निजामाविरुद्ध लढलेल्या माणसांनी तिथं हा पक्ष वाढवला, उस्मानाबादचे भाई उद्धवराव पाटील त्याच मातीतले. तीस वर्षं त्या भागात वर्ग, शोषण, क्रांती हे शब्द खेड्यापाड्यात गेले होते. मुंबईत पक्षाचे मंत्री नामांतराचा ठराव करणाऱ्या सरकारात बसले होते, आणि गावात पेटता टेंभा घेऊन निघालेल्या शेतकऱ्याचा हात धरायला तीस वर्षांची शिकवण पुरी पडली नाही. ठराव वरून झाला. वस्ती खाली जळाली. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तेही नामविस्तार म्हणून.

मी पक्षाला आग लावणारा म्हणत नाही. मी म्हणतो, दाभाडीला जी वस्तू गाडीतून पडली ती १९७८ ला रस्त्यात आडवी आली. वर्ग शिकवला आणि जात शिकवायची राहिली, तर माणूस सावकाराविरुद्ध लाल बावटा धरतो आणि आपल्याविरुद्ध कुऱ्हाड. दोन्ही एकाच हातात मावतात.

८

आज हिशेब असा आहे. २००४ ला दोन आमदार, २०१४ ला तीन, २०१९ ला एक, २०२४ ला एक, सांगोल्यातून, गणपतरावांचा नातू. जुलै २०२४ मध्ये जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले. एन. डी. पाटील २०२२ ला गेले, केशवराव धोंडगे २०२३ च्या पहिल्या दिवशी गेले. पक्ष घराण्यांवर येऊन थांबला. हसू नका. आपल्या गटांची नावं एका दमात म्हणता येत नाहीत.

तर या इतिहासातून घ्यायचं काय? मला दिसतं ते सांगतो, तुम्ही वाद घाला.

एक. शेतकऱ्याबरोबर जायचं की नाही, हा प्रश्न चुकीचा मांडला जातो. १९३८, १९५२, १९५७ सांगतात की जाता येतं. प्रश्न आहे, बसताना आपली अट काय? आधारभूत भावाच्या मोर्चात जरूर जाऊ, पण त्याच मागणीपत्रात शेतमजुराची मजुरी, गायरान आणि गावातला बहिष्कार ही कलमं पहिल्या पानावर पाहिजेत. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला १ मे १९६० ची आठवण द्या.

दोन. नुसत्या अस्मितेवर मुलूख राखता येत नाही. रायगड, सांगोला, कंधार टिकले ते रोजच्या कामावर. आपण एक तालुका तरी असा धरला आहे का, जिथं पाणी, जमीन, शाळा म्हटलं की निळा झेंडा डोळ्यापुढं येतो?

तीन. वरच्या ठरावावर विसंबू नये. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायचा सरकारी निर्णय झाला. आपापल्या गावात जा. किती जणांच्या नावावर सातबारा झाला, ते तलाठ्याकडं बसून काढा. सीलिंगची जमीन कुणाला वाटली, ती आज कोण कसतो, ते विचारा. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, मग महार वतनाची जमीन आता कुणाच्या ताब्यात आहे, तेही लिहून घ्या. ज्याच्याकडं ही यादी असेल त्याला कुठल्याही आघाडीत बोलता येईल. नसेल त्याला फक्त टाळ्या वाजवता येतील.

पुढच्या अंकापर्यंत प्रत्येकानं एका गावाची यादी आणावी. छापायला जागा आपण काढू.

जय भीम.